विमा एजंट म्हणून पहिली दोन वर्षं : लातूर, नांदेड, परभणीत काम सुरू करणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात विमा म्हटलं की लोकांच्या मनात आधी पीक विमा येतो. औसा-निलंग्याकडच्या एखाद्या घरी जाऊन तुम्ही "विम्याचं जरा बोलायचं होतं" म्हणालात की काका हमखास विचारतील, "सोयाबीनचे पैसे कधी पडायलेत मग?" तुमचा त्या पैशांशी काडीचा संबंध नसतो, पण राग तुमच्या वाट्याला येतो. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात मिळणारा पीक विमा २०२५ मध्ये बंद झाला. आता शेतकऱ्याला खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के स्वतः भरावे लागतात, आणि भरपाईबद्दलच्या तक्रारी आहेतच. त्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये (अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी संस्थांमध्ये) कितीतरी घरांच्या ठेवी अडकल्या. म्हणून दुसरा प्रश्नही ठरलेला असतो: "पैसे बुडणार नाहीत ना?"

अशा ठिकाणी एजंटचं काम करायचं तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं न चिडता, पुन्हा पुन्हा देण्याची तयारी लागते. मी लातुरात हेच काम करतो, नवीन मुला-मुलींना शिकवतोही, आणि प्रत्येकाला आधी एकच सांगतो: इथे पॉलिसी काढून देण्यापेक्षा ती चालू ठेवण्यात जास्त पैसा आहे. आपलं शहर लहान आहे. एका मास्तरांची पॉलिसी तिसऱ्या वर्षी बुडाली, म्हणजे हप्ते थांबून बंद पडली, तर ती गोष्ट स्टाफरूममध्ये, व्याह्यांकडे आणि पुढच्या लग्नाच्या पंगतीत जाते, तुमच्या नावासकट. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी घरखर्चाचा हिशेब

समजा एका पॉलिसीचा वर्षाचा हप्ता २४,००० रुपये आहे आणि पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के धरलं. हातात ६,००० येतात. महिन्याला अशा चार पॉलिसी झाल्या तर २४,०००. ऐकायला बरं वाटतं, पण नवख्या माणसाला दर महिन्याला चार पॉलिसी होत नाहीत. एखाद्या महिन्यात पाच होतात, मग दोन महिने एकही नाही. पेट्रोल मात्र रोज लागतं. उदगीर-अहमदपूरपर्यंत फिरायचं म्हटलं तर ते लहान खर्चात बसत नाही.

आता पुढची वर्षं बघा. रिन्यूअलचं, म्हणजे पुढच्या हप्त्यांवरचं, कमिशन साडेसात टक्के धरलं तर त्याच पॉलिसीवर वर्षाला १,८०० रुपये. अशा १०० पॉलिसी चालू असतील तर नवीन काहीही न विकता १,८०,००० येतात. त्यातल्या ४० बुडाल्या तर १,०८,००० उरतात. कमिशनचे दर कंपनी, पॉलिसीचा प्रकार आणि मुदत यांप्रमाणे बदलतात, त्यामुळे तुमच्या कंपनीचा तक्ता घेऊन हाच हिशेब स्वतःच्या हाताने करा. पहिल्या वर्षाचं कमिशन आणि रिन्यूअल हे दोन वेगळे रकाने मांडा. आपल्याला किती वर्षं तग धरायचा आहे हे दुसऱ्या रकान्यावरून कळतं.

निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय हातातली नोकरी सोडू नका. क्लासवर शिकवत असाल, दुकान असेल, तर ते चालू ठेवून संध्याकाळी आणि रविवारी सुरुवात करा. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी बायकोच्या नावावर कोड (कंपनी एजंटला देते तो क्रमांक) घेऊन स्वतः गिऱ्हाइकं फिरायची, ही आपल्याकडे जुनी पद्धत आहे. सेवेच्या वर्तणूक नियमांत ते बसत नाही. बायको खरोखर काम करणार असेल तर तिलाच परीक्षा देऊ द्या, तिलाच गिऱ्हाइकांकडे जाऊ द्या, आणि कार्यालयाला रीतसर कळवा.

कोणाचं काम घ्यायचं

नियम असा आहे की एका एजंटला एका वेळी एकच आयुर्विमा कंपनी, एकच साधारण विमा कंपनी (वाहन, दुकान, आग वगैरे) आणि एकच आरोग्य विमा कंपनी धरता येते. दोन आयुर्विमा कंपन्यांचं काम एकदम करता येत नाही. एक सोडून दुसरी धरायची तर आधीच्या कंपनीचं ना-हरकत लागतं. म्हणून पहिली निवड घाईत करू नका.

गावात कंपनीची ब्रँच आहे का, आणि त्या ब्रँचमध्ये क्लेमचं टेबल आहे का, हे आधी जाऊन बघा. एखाद्या साध्या दिवशी दुपारी तिथे अर्धा तास बसा. म्हातारी माणसं कागद घेऊन आली की त्यांच्याशी कसं बोलतात, हे पाहिलं की पुष्कळ कळतं. एलआयसीचं जाळं इथे सगळ्यात जुनं आहे. १ सप्टेंबर १९५६ ला स्थापन झालेली ही संस्था खेड्यातल्या आजोबांनाही माहीत असते, त्यामुळे नावाची ओळख करून देण्यात वेळ जात नाही. खासगी कंपन्यांत टर्म (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) आणि आरोग्याचे पर्याय भरपूर आहेत, पण मॅनेजर वारंवार बदलतात आणि मग नवीन एजंटला विचारायला कोणी उरत नाही.

तुम्हाला कोड देणारा विकास अधिकारी किंवा मॅनेजर कसा आहे यावर पहिलं वर्ष ठरतं. काही जण टार्गेटसाठी भरती करतात. तुमच्या घरच्या तीन-चार पॉलिसी काढून घेतल्या की त्यांचे फोन लागेनासे होतात. त्यांच्या हाताखालच्या, दोन-तीन वर्षं झालेल्या एजंटांना भेटून एकच विचारा: "पहिल्या भेटींना साहेब सोबत आले होते का?" कोड मिळवून देतो म्हणून कोणी परीक्षेच्या शुल्काव्यतिरिक्त पैसे मागितले तर तिथून उठा.

महिलांसाठी ९ डिसेंबर २०२४ पासून एलआयसीची विमा सखी योजना आहे. १८ ते ७० वयाच्या, दहावी पास बायकांना पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये मानधन मिळतं, कमिशन वेगळं. पॉलिसींची ठरावीक संख्या पूर्ण करण्याची आणि पहिल्या वर्षाच्या पॉलिसी चालू ठेवण्याची अट असते. घरात आधीच कोणी एलआयसीचा एजंट किंवा कर्मचारी असेल तर जवळच्या नात्यातल्या बाईला ही योजना मिळत नाही. बचत गट चालवणाऱ्या ताईंसाठी मला ही फार चांगली सुरुवात वाटते. गटातल्या बायकांचा हिशेब त्यांच्या तोंडपाठ असतो आणि कोणत्या घराला किती झेपतं हे त्यांना कोणाला विचारावं लागत नाही.

परीक्षा

दहावी पास आणि वय १८ पूर्ण, एवढी पात्रता. आधार, पॅन, मार्कशीट, फोटो आणि बँकेचा रद्द केलेला चेक घेऊन अर्ज भरायचा, साधारण २५ तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि आयसी-३८ ही परीक्षा द्यायची. संगणकावर ५० प्रश्न, एक तास, ३५ टक्क्यांना पास, म्हणजे १८ उत्तरं बरोबर यावी लागतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. मराठीत देता येते. पुस्तक दोनदा नीट वाचलं तर अवघड नाही. पण फक्त प्रश्नसंच पाठ करून पास होऊ नका. विमायोग्य हित (ज्याचा विमा काढतो त्याच्याशी असलेला आर्थिक संबंध), परम सद्भाव (दोन्ही बाजूंनी काही न लपवणं), नामांकन (नॉमिनी नेमणं) आणि अभिहस्तांकन (पॉलिसीचे हक्क दुसऱ्याच्या नावे करणं) ही प्रकरणं पुढे गिऱ्हाइकासमोर रोज लागतात. पास झालात की कंपनी नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र आणि कोड देते. ओळखपत्र खिशात ठेवा, विचारायच्या आधी दाखवा.

यादी करताना

नवीन एजंटला पहिला सल्ला मिळतो: सोयऱ्या-धायऱ्यांपासून सुरू कर. सुरू करा, पण मामांनी तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून काढलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला बुडते आणि नातं अवघडतं. नातेवाइकांकडे जाऊन आधी त्यांच्या जुन्या पॉलिसी बघायला मागा. हप्ते चालू आहेत का, नॉमिनी कोण आहे, पत्ता कोणता आहे. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर अजून वारलेल्या वडिलांचं नाव नॉमिनी म्हणून असतं, हे इतक्या घरांत सापडतं की विचारू नका. ते नाव बदलून द्या. त्याचं कमिशन मिळत नाही. पण पुढच्या महिन्यात मामाच तुम्हाला शेजाऱ्याकडे घेऊन जातात.

बाहेरच्या लोकांत शहरभर विखरून फिरू नका. एक-दोन वर्ग पकडा. लातुरात गंजगोलाईचे दुकानदार आहेत, मोंढ्यातले आडते, मुनीम, हमाल, मापाडी आहेत, डाळ मिल आणि तेल मिलमधले कामगार आहेत, ट्युशन एरियातले शिक्षक, मेसवाले आणि वसतिगृहं चालवणारे आहेत. जालन्यात स्टील आणि बियाण्यांच्या कंपन्या, परभणीत कृषी विद्यापीठाचे कर्मचारी. ज्यांच्या कामाच्या वेळा तुम्हाला माहीत आहेत तो वर्ग निवडा. मोंढ्यात सौदे चालू असताना गेलात तर कोणी मान वर करत नाही. क्लासवाल्या सरांना जूनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो.

विकण्याआधी शिकायचं ते

सगळ्या योजनांची पत्रकं पाठ करत बसू नका. टर्म, एक बचतीची पॉलिसी आणि आरोग्य विमा, एवढे तीन प्रकार उलट-सुलट माहीत पाहिजेत.

त्याआधी सरकारी योजना. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचं जीवन संरक्षण मिळतं, सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत २ लाखांचं अपघाती. पहिली १८ ते ५० वयाला, दुसरी १८ ते ७० ला. तुम्हाला यातून काही मिळणार नाही, तरीही भेटेल त्या प्रत्येक घराला बँकेत जाऊन हे चालू करायला लावा. याचे पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कटतात आणि संरक्षण १ जून ते ३१ मे असतं. शेतकऱ्याचं खातं नेमकं मेमध्ये बियाणं-खताला रिकामं झालेलं असतं. "काका, मे संपेपर्यंत खात्यात पाचशे रुपये राहू द्या" हा एक फोन करत जा.

तसंच आरोग्याचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, हे आधी सांगा. मग तिची मर्यादा सांगा: योजनेतलीच रुग्णालयं आणि यादीतलेच उपचार. आपल्याकडचा पेशंट मोठ्या आजाराला सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद गाठतो. म्हणून आरोग्य पॉलिसी दाखवताना त्या तीन शहरांत आणि लातुरात कॅशलेस (आधी पैसे न भरता उपचार) कुठे चालतं ती यादी मोबाइलवर काढून समोर ठेवा. खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का, बिलातला हिस्सा स्वतः भरायचा आहे का, आणि आधीपासूनच्या बीपी-शुगरला किती थांबावं लागेल, हे तोंडाने सांगा. २०२४ पासून ही थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधी १८ टक्क्यांमुळे आरोग्य विमा टाळलेल्यांकडे पुन्हा जायला हे चांगलं निमित्त आहे.

टर्मला इथे ठरलेलं उत्तर येतं: "म्हणजे मेलो तरच पैसे? मग काय उपयोग?" यावर वाद घालू नका. घरावर कर्ज किती आहे, पीककर्ज किती, मुलीचं शिक्षण कुठवर आलं, हे त्यांच्याच तोंडून कागदावर लिहून घ्या आणि खाली विचारा, उद्या हे कोण फेडणार. शेतकऱ्याकडे बहुधा आयटी रिटर्न नसतो आणि मोठ्या रकमेच्या टर्मला कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते. सातबारा, कारखान्याची ऊसबिलं, बँक स्टेटमेंट यांपैकी तुमची कंपनी काय धरते ते ब्रँचमधून आधी लिहून घ्या, नाहीतर मेडिकल झाल्यावर प्रस्ताव परत येतो आणि माणूस पुन्हा दार उघडत नाही.

बचतीची पॉलिसी "दुप्पट होते" म्हणून कधीही विकू नका. मल्टिस्टेटवाल्यांनी हेच शब्द वापरले होते. लाभाचा छापील तक्ता असतो. त्यात हमी असलेली रक्कम वेगळी आणि ४ व ८ टक्के गृहीत धरून काढलेले आकडे वेगळे दिलेले असतात. ८ टक्क्यांचा आकडा हे वचन नाही, हे स्पष्ट सांगा, तक्त्यावर सही घ्या, एक प्रत त्यांना द्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते, हेही सांगा. हे सांगितल्याने पॉलिसी परत येतात अशी भीती नव्यांना वाटते. तक्ता समजून घेतलेला माणूस सहसा परत करत नाही.

व्यापाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली नवऱ्याने स्वतःच्या जिवावर बायको-मुलांसाठी पॉलिसी काढली तर त्या पैशांवर ज्यांचं देणं आहे त्यांना हक्क सांगता येत नाही, ते देणं बुडवण्याच्या हेतूने काढली नसली म्हणजे झालं. ज्यांच्या धंद्यावर बँकेची कॅश क्रेडिट (चालू धंद्यासाठीचं कर्ज) आहे त्यांच्या घरच्यांसाठी हे फार मोलाचं आहे. अर्ज भरतानाच ते निवडावं लागतं, नंतर जोडता येत नाही.

अर्ज भरण्याची संध्याकाळ

माझ्या मते एजंटची खरी परीक्षा इथे होते. दुकान बंद करून पस्तिशीचा माणूस घरी आला आहे, शर्टाच्या खिशातून पुडीचं टोक दिसतंय. तुम्ही विचारता, "भाऊ, तंबाखू, गुटखा?" तो म्हणतो, "नाही लिहा हो." वहिनी चहाचा ट्रे ठेवतात आणि काही न बोलता त्या खिशाकडे बघतात. यावेळी पेन खाली ठेवायचं आणि म्हणायचं, "भाऊ, नाही लिहिलं तर हप्ता थोडा कमी बसेल. पण दोन वर्षांनी काही झालं तर कंपनी दवाखान्याचे कागद मागवणार, त्यात तंबाखू लिहिलेला असणार, आणि पैसे वहिनींचे अडकणार." बहुतेक वेळा भाऊच म्हणतात, "बरं, खरं ते लिहा."

विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने प्रश्न उपस्थित करता येत नाही. त्याच्या आत मात्र लपवलेली माहिती काढून क्लेम नाकारता येतो. म्हणून शुगर, बीपी, आधीचं ऑपरेशन, आई-वडिलांचे आजार, दुसऱ्या कंपनीत नाकारलेला प्रस्ताव, सगळं लिहा. सगळ्या रकान्यांत "नाही" टाकत सुटायची सवय लावून घेऊ नका. आता अर्ज मोबाइलवर होतो आणि गिऱ्हाइकाच्या ओटीपीलाच सहीची किंमत आहे. ओटीपी मागण्याआधी भरलेली उत्तरं त्यांना वाचून दाखवा.

नावांकडे अतोनात लक्ष द्या. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकवर दुसरं, पॉलिसीवर तिसरं. वहिनींचं बँकेतलं खातं माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने. आज हे अर्ध्या तासाचं काम आहे. क्लेमच्या वेळी याच कामासाठी प्रतिज्ञापत्र आणि तहसीलच्या चकरा लागतात.

आणि पैसे. हप्ता कंपनीच्या नावाने चेक, बँकेतून किंवा कंपनीच्या लिंकवरच भरून घ्या. "तुमच्या फोनपेवर टाकतो, तुम्ही भरा" याला ओळखीच्या माणसालाही नाही म्हणा. कंपनीकडे हप्ता पोचल्याशिवाय जोखीम, म्हणजे विम्याचं संरक्षण, सुरू होत नाही.

हप्ता कधी आणि किती

पुस्तकात हे शिकवत नाहीत, पण आपल्या भागात पॉलिसी बुडण्याचं सगळ्यात मोठं कारण हप्त्याची तारीख आहे. जूनमध्ये काढलेल्या वार्षिक पॉलिसीचा हप्ता दर जूनला येतो, म्हणजे पेरणीला. तोच माणूस नोव्हेंबरात, सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर पॉलिसी काढेल तर दर दिवाळीच्या आसपास हप्ता भरेल. तुरीवर भिस्त असलेल्याला फेब्रुवारी बरा. उसाचं बिल उशिरा पडतं, म्हणून ऊसवाल्याला कारखान्याच्या तोडीच्या तारखेनंतर दोन महिने सोडून धरा. नोकरदाराला महिन्याचा हप्ता, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खात्यातून कटणारा. हमाल-मापाड्यांना तिमाही.

रक्कम ठरवताना चांगल्या वर्षाचं उत्पन्न धरू नका. मागच्या दुष्काळात किंवा अतिवृष्टीत घर कसं चालवलं ते विचारा आणि त्या वर्षीही भरता आला असता एवढाच हप्ता बसवा. माणूस ३०,००० म्हणाला आणि तुम्हाला १२,०००च झेपतील असं दिसलं तर १२,००० च लिहा.

मार्चमध्ये कर वाचवायला पॉलिसी मागणारे येतात. त्यांना आधी विचारा, जुन्या करपद्धतीत आहात की नव्या? नव्या पद्धतीत ८०सी आणि ८०डीची (आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांची) वजावट मिळत नाही. हे न सांगता विकलेली पॉलिसी पुढच्या मार्चपर्यंतच टिकते.

"कमिशनमधून किती सोडता?"

हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल, आणि "अमका एजंट अर्धा पहिला हप्ता स्वतः भरायलाय" हेही. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. दंड १० लाखांपर्यंत. पण गिऱ्हाइकाला कायदा सांगितलेला आवडत नाही. मी एवढंच म्हणतो, "दादा, ते पैसे मी घेतो म्हणून पुढची वीस वर्षं तुमच्या दारात येतो. ते सोडले तर मला यायला काय कारण?" काही जण तरीही दुसरीकडे जातात. जाऊ द्या. सूट बघून आलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आणखी मोठी सूट बघून दुसरीकडे जातं, त्याचं रिन्यूअल तुमच्या वहीत कधीच येणार नव्हतं.

वही

कंपनीचं ॲप आहे, तरी एक वही ठेवा. महिन्यावार पानं, प्रत्येक पानावर त्या महिन्यात हप्ता येणाऱ्यांची नावं, नॉमिनीचं नाव आणि नॉमिनीचाही फोन. महिनाभर आधी एक फोन, आठ दिवस आधी दुसरा, चुकला तर घरी जाऊन भेट. वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, मासिकला १५. त्यानंतर पॉलिसी बंद पडते. बचतीची पारंपरिक पॉलिसी बंद पडल्यापासून ५ वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येते, पण व्याज आणि कधी कधी मेडिकल लागतं.

तुमच्या कमिशनमधून टीडीएस कापला जातो. पॅनवरच्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या विवरणात) तो दिसतो आणि रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. पेट्रोलच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा.

क्लेम आला तर

बातमी कळली की त्याच दिवशी जा, पण कागदांचं बोलू नका. त्याला एक अपवाद आहे: अपघात. साप चावला, वीज पडली, विहिरीत पडला, मोटारसायकल घसरली, अशा मृत्यूत गडबडीत अंत्यविधी उरकला तर अपघाताचे पैसे अडकतात. घरच्या जाणत्या माणसाला बाजूला घेऊन सांगा की पोलिसांत खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. सर्पदंशात दवाखान्यात नेल्याची नोंद असलेला कागद जपायला सांगा. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात, तिथेही हेच कागद लागतात.

दुसरी गोष्ट जड आहे, पण मराठवाड्यात काम करणाऱ्या एजंटला ती माहीत असलीच पाहिजे. आत्महत्या झालेल्या घरात "आता विमा मिळत नाही" असं धरून पॉलिसी कपाटात ठेवून देतात. आयुर्विम्यात पहिल्या १२ महिन्यांत तसं घडलं तर पूर्ण रक्कम मिळत नाही, भरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग परत मिळतो. १२ महिन्यांनंतर पूर्ण रक्कम देय असते. पॉलिसी तुम्ही काढलेली नसली तरी अशा घरी जाऊन कागद बघा आणि अर्ज भरून द्या.

साध्या क्लेमला मृत्यू दाखला, मूळ पॉलिसी, क्लेमचा अर्ज, नॉमिनीचं आधार-पॅन आणि पासबुक लागतं. तीन वर्षांच्या आतला मृत्यू असेल तर कंपनी चौकशी करते, दवाखान्याचे कागद मागते. त्या चौकशीला आलेल्या माणसासमोर वहिनींना एकटं बसवू नका. कंपनीने नाकारलं किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि विमा भरोसा पोर्टलवर (विमा नियामकाच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर), आणि तिथेही न्याय मिळाला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. तक्रार गिऱ्हाइकाच्या नावाने असते, पण ती लिहून द्यायला तुम्ही बसा.

पैसे पडले की दीर-भाऊ, ठेवी गोळा करणारे आणि तुमच्याच धंद्यातले लोक त्या घरी यायला लागतात. नॉमिनी बाई असेल तर खातं तिच्या एकटीच्या नावाने आहे का, एटीएम कोणाकडे आहे, मोबाइलवर मेसेज कोणाला येतात, हे तिच्यासोबत बँकेत जाऊन बघा. कर्ज कोणतं आधी फेडायचं ते तिच्यासोबत कागदावर मांडा. उरलेली रक्कम सहा महिन्यांसाठी राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायला सांगा. तोपर्यंत स्वतःची कोणतीही पॉलिसी तिला दाखवू नका.